ओर्व्हिएतोत एक दिवस

प्रश्न : रोमहून एका दिवसासाठी ओर्व्हिएतोला जातोय. तिथली विहीर उतरायलाच हवी का? गुडघे कुरकुरतात.

उत्तर : माझेही कुरकुरतात, तरी उतरले. पायऱ्या २४८, पण बुटक्या नि रुंद. त्या खेचरांसाठी बांधल्यात ना! १५२७मध्ये रोम लुटलं गेलं, तेव्हा पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला. वेढा पडला तर पाणी हवं, म्हणून त्याने ही विहीर खोदायला घेतली. दोन गोल जिने एकमेकांत गुंफलेत, पण वाटेत कुठेच भेटत नाहीत. रिकामं खेचर एकाने उतरायचं, तळाचा पूल ओलांडून, पाणी घेऊन दुसऱ्याने चढायचं. समोरासमोर खोळंबा नाही! काम संपलं १५३७मध्ये. पोप १५३४लाच वारला.

स्टेशनसमोरून तारेने ओढली जाणारी गाडी घ्या. तिच्या वरच्या थांब्यालगतच विहीर आहे. गुडघे ताजे असतानाच ती उरका, मग कॅथेड्रल. ते १२९०मध्ये सुरू झालं. बाहेरून सगळे सोनेरी दर्शनी भागाचेच फोटो काढतात. तुम्ही आत सान ब्रिझिओच्या दालनात सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं बघा. एका कोपऱ्यात काळ्या कपड्यांत चित्रकार स्वतःच उभा आहे, थेट आपल्याकडे बघत. बसायला बाकंही आहेत.