एआयमुळे रिक्रूटरचं काम संपणार का? आणि कोकणात परत येऊन या लाइनमध्ये काही करता येईल का?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की पुण्यात आयटी रिक्रूटर म्हणून सहा वर्षं झाली, कंपनीने नवीन टूल आणल्यावर सोर्सिंगची (उमेदवार शोधून काढणारी) टीम अर्धी केली, घर गुहागर साइडला आहे आणि आता ही लाइनच सोडावी की गावी येऊन यातच काहीतरी बघावं ते कळत नाहीये. मी आधी वाशीला एका कन्सल्टन्सीत होतो, मग चिपळूणजवळच्या लोटे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या एचआरमध्ये आणि आता चिपळूणला स्वतःचं छोटंसं प्लेसमेंटचं ऑफिस चालवतो. दोन्हीकडचं बघितलंय म्हणून जरा लांब लिहितोय, वेळ काढून वाचा.

लाइन सोडू नका. पण आज तुम्ही ज्याला काम म्हणताय ते सुटणार आहे, तुम्ही सोडा नाहीतर नका सोडू.

नोकरी डॉट कॉमवर सर्च मारायचा, बूलियन स्ट्रिंग (अँड-ऑर लावून जोडलेले शब्द) टाकायची, सीव्ही उतरवायचे, एक्सेलमध्ये करंट सीटीसी (आताचं वर्षाचं पॅकेज), एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पिरियड भरायचा आणि ट्रॅकर मॅनेजरला पाठवून द्यायचा, ह्या कामाला आता माणूस लागत नाही. लिंक्डइनने ऑक्टोबर २०२४ मध्ये हायरिंग असिस्टंट (एआय टूल) आणला तो हेच करतो, जेडी (कामाचं वर्णन) दिली की लिस्ट काढतो, मेसेज टाकतो. आणि खरं बोलायचं तर त्यातलं निम्मं काम आपण तरी कुठे मन लावून करत होतो!

पण गंमत अशी की समोरच्या पार्टीकडे पण तेच हत्यार आलंय. कँडिडेट जेडी चिकटवतो आणि त्याला फिट बसणारा सीव्ही एआयकडून लिहून घेतो, त्यामुळे शंभर अर्ज आले तर त्यातले ऐंशी एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाटतात. ऑनलाइन इंटरव्ह्यूला एक जण बसतो आणि जॉइन व्हायला दुसराच येतो असले प्रकार तुम्ही पुण्यात बघितले असतीलच. मॅनेजरला आता सीव्हीचा तुटवडा नाहीये, यातला खरा कोण आणि तो येणार का आणि आला तर टिकणार का हे त्याला कळत नाहीये, आणि पैसे आता ह्याचे मिळतात. टूलवर आंधळा विश्वास टाकायची पण सोय नाही, अॅमेझॉनने सीव्ही छाटायला एक सिस्टीम बनवली होती, जुने सीव्ही बहुतेक पुरुषांचे असल्यामुळे ती बायकांचे सीव्ही खाली ढकलायला लागली आणि शेवटी ती गुंडाळावी लागली, २०१८ मध्ये रॉयटर्सने ही बातमी दिली होती. म्हणजे टूलने काढलेली लिस्ट बघून 'हे काहीतरी चुकतंय' म्हणणारा माणूस लागतोच, फक्त त्या माणसाला धंदा कळायला हवा.

आता आमच्याकडचं सांगतो म्हणजे मला काय म्हणायचंय ते लक्षात येईल. लोट्याच्या कंपनीला बॉयलर अटेंडंट पाहिजे असतो. बॉयलर हा सर्टिफिकेट असलेल्या माणसाशिवाय चालवताच येत नाही, फर्स्ट क्लास नाहीतर सेकंड क्लासचं सर्टिफिकेट लागतं, तीन शिफ्टला माणूस लागतो आणि एक जरी सोडून गेला तरी प्लँट मॅनेजरचा दिवसाला चार वेळा फोन. हा माणूस लिंक्डइनवर नसतो. नोकरी डॉट कॉमवर असला तर प्रोफाइल कधीच्या काळी बनवलेलं आणि नंबर बंद झालेला. तो सापडतो दुसऱ्या बॉयलरवाल्याकडून, आयटीआयच्या सरांकडून, नाहीतर सर्व्हिसिंगला येणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडून. बरं सापडला, पगार जमला, कागद बघितले, आणि मग तो एकच प्रश्न विचारतो: 'गाडी कुठपर्यंत येते?'

ह्या प्रश्नावर आमच्याकडची निम्मी जॉइनिंग अडते. कंपनीची बस बहादूरशेख नाक्यापर्यंत येते की आत गावात येते, खेडवाल्याला भरणे नाक्यावरून घेते का, नाइट सुटल्यावर परत सोडते का, पावसात परशुराम घाटात काय झालं तर हजेरी धरतात का. पगारात दोन हजार जास्त देणारी कंपनी माणूस हरते आणि बसचा स्टॉप बरोबर असलेली कंपनी जिंकते. कुठल्याच जेडीत हे लिहिलेलं नसतं त्यामुळे टूलला कळायचा प्रश्नच नाही. मी कंपनीकडून नवीन रिक्वायरमेंट घेतो तेव्हा बसचा रूट आधी मागतो, पगार नंतर. एचआरवाले पहिल्यांदा हसतात.

दुसरं म्हणजे गणपती. गणपतीच्या आधी पंधरा दिवस इथे कोणी जॉइन होत नाही, तारीख दिली तरी होत नाही, त्यामुळे ती तारीख देऊच नये. पण गणपती आणि शिमगा हे माझे सोर्सिंगचे सीझन आहेत. मुंबईहून आलेला चाकरमानी, डोंबिवली नाहीतर तळोज्याच्या प्लँटमध्ये ऑपरेटर किंवा क्यूसी केमिस्ट, राहायला नालासोपारा नाहीतर दिवा, आईवडील थकलेत, घराला कुलूप लागायची वेळ आलीय, ह्याला परत यायचं असतं पण तो कुठे अर्ज टाकत नाही कारण तिकडच्या कंपनीत कळलं तर पंचाईत. आरतीला भेटला की विषय आपोआप निघतो. पगार थोडा कमी पडला तरी भाडं वाचतं हा हिशोब त्याच्या बायकोला मान्य आहे का हे पण बघावं लागतं, नाहीतर ऑफर घेऊन तो परत दिव्याला जातो तो कायमचाच. हे सगळं वर्षभर वहीत नाहीतर शीटमध्ये टिपून ठेवायचं असतं. तुम्ही आयटीत हे केलं नसेल पण ऑफर ड्रॉप (ऑफर घेऊन जॉइन न होणारे) हाताळलेत ना, तीच कला आहे ही.

आता स्कोप कुठे कुठे आहे ते बघू, मला माहीत आहे तेवढंच सांगतो.

अप्रेंटिसशिपकडे (शिकाऊ उमेदवारीकडे) रिक्रूटर लोक बघतच नाहीत आणि मला ती आज सगळ्यात चांगली वाटते. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपनीला एकूण संख्येच्या अडीच ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि केंद्राच्या योजनेत स्टायपेंडच्या २५ टक्के, जास्तीत जास्त महिन्याला १,५०० रुपये सरकार देतं. पण सरकारी पोर्टलवर कॉन्ट्रॅक्ट बनवणं, आयटीआयशी बोलणं, पोरं आणणं, हजेरी चढवणं हे करायला छोट्या कंपनीत माणूस नसतो. लोटे, महाड, रोहा, रत्नागिरीचं मिरजोळे, कुडाळ, इथे अशा कंपन्या भरपूर आहेत आणि केमिकल प्लँटच्या अटेंडंट ऑपरेटर ट्रेडची पोरं पण आहेत, मधला माणूस नाहीये.

कॉन्ट्रॅक्टवर माणसं पुरवणं हा मोठा धंदा आहे पण घाईने उतरू नका. साधा हिशोब बघा: ४० मुलं, प्रत्येकाला १८ हजार, म्हणजे महिन्याला ७ लाख २० हजार पगार तुम्ही द्यायचा, कंपनी बिलाचे पैसे देणार ६० दिवसांनी, म्हणजे १४-१५ लाख कायम तुमचे अडकलेले. पीएफ १५ तारखेच्या आत भरायचा, जीएसटी २० च्या आत, आणि तो कंपनीने बिलाचे पैसे दिले नसले तरी भरायचाच. ५० किंवा त्याहून जास्त माणसं झाली की लायसन्स. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झालेत, सगळ्यांना नेमणूकपत्र द्यायचं, ठराविक मुदतीच्या माणसाला वर्ष झालं की ग्रॅच्युइटी, हे कंपन्यांना अजून नीट समजलेलं नाही. पण हे ज्याला समजतं त्याला नोकरी पण आहे आणि सल्ल्याचे पैसे पण. रात्रीचं जागून एखादा कोर्स करायचाच असेल तर एआयच्या सर्टिफिकेटपेक्षा लेबर लॉ आणि पेरोल शिका, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोटीचं आणि गल्फचं काम कोकणात पिढ्यान्पिढ्या आहे, खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा, कुठल्याही वाडीत जा. पण हे लायसन्सचं काम आहे. जहाजावर माणूस पाठवायला डीजी शिपिंगचं (केंद्राच्या जहाज खात्याचं) आरपीएसएल म्हणजे भरतीचं लायसन्स लागतं आणि खलाशाकडून नोकरीसाठी पैसे घेताच येत नाहीत. गल्फसाठी १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते, पूर्ण लायसन्सला बँक गॅरंटी ५० लाखांची आणि कामगाराकडून फी जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी. त्यामुळे 'आमच्यासाठी पोरं गोळा करा, डोक्यामागे इतके देतो' असं कुणी मुंबईचा एजंट सांगत आला तर चहा पाजून वाटेला लावा. सब-एजंट बनलात तर पोरगं तिकडे अडकल्यावर त्याचे नातेवाईक तुमच्याच दारात उभे राहणार, एजंटचा फोन तोपर्यंत बंद. हे काम करायचंच असेल तर लायसन्सवाल्या कंपनीत पगारी नोकरी करा.

उरण-पनवेलकडे बघायला हरकत नाही. जेएनपीए बंदराची गोदामं आहेतच, त्यात नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटायला लागली, कार्गो, ग्राउंड हँडलिंग, हाउसकीपिंग, सिक्युरिटी सगळी भरती घाऊक आहे. घाऊक भरती हे वेगळंच स्किल आहे, तिथे सीव्हीपेक्षा रांग सांभाळावी लागते. आणि विमानतळाच्या नावाने पैसे उकळणारे पण निघालेत, त्यामुळे इथली पोरं आधी 'पैसे किती भरायचे' विचारतात. 'काहीच नाही' म्हटलं की उलट संशय घेतात! हॉटेल-रिसॉर्टचं, तारकर्ली, गणपतीपुळे वगैरे, सीझनपुरतं काम आहे, पोट भरेल असं नाही.

आणि समजा तुम्हाला आयटीतच राहायचंय, तर पुण्यात बाहेरच्या कंपन्यांची जी ग्लोबल सेंटर्स येतायत तिथे इन-हाउस जा, आणि सोर्सर म्हणून जाऊ नका, एकच डोमेन धरा, सिक्युरिटी नाहीतर बँकिंग काहीही, इतकं की हायरिंग मॅनेजरला तुम्ही सांगू शकाल की ह्या पगारात असा माणूस बाजारात नाही. गावी बसून अमेरिकेच्या स्टाफिंगची नाइट शिफ्ट करायचा विचार असेल तर मी नको म्हणेन. सप्टेंबर २०२५ मध्ये नवीन एच-वन-बी (अमेरिकेचा वर्क व्हिसा) अर्जावर एक लाख डॉलरची फी आली तेव्हापासून तिकडे अनिश्चितता आहे, आणि आमची महावितरणची लाइन पावसाळ्यात कधी जाईल ते महावितरणलाही माहीत नसतं.

आता पैशाचं पण सांगतो. प्लेसमेंटची फी वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार हा जुना रेट. तीन लाखाच्या ऑपरेटरवर २५ हजार. आयटीत एका सीनियर डेव्हलपरवर जेवढं बिल व्हायचं तेवढ्यासाठी इथे सहा-सात माणसं जॉइन करावी लागतात, आणि ९० दिवसांत सोडून गेला तर फुकट बदली द्यायची. पेमेंट पण दोन-तीन महिन्यांनी. कँडिडेटकडून 'रजिस्ट्रेशन'च्या नावाखाली पाचशे घ्यायची पद्धत काही लोकांनी पाडलीय, त्यात जाऊ नका, तालुक्याचं गाव आहे, नाव एकदा गेलं की संपलं. आणि एक, इथे पोरं आधार, पॅन, बँक पासबुक सगळं व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून मोकळी होतात. २०२३ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत, तेव्हा पहिल्या दिवसापासून संमती घेऊनच कागद ठेवा, मोठ्या कंपन्या हे विचारायला लागल्यात.

मी तुमच्या जागी असतो तर लगेच राजीनामा दिला नसता. आधी गणपतीला सुट्टी जरा मोठी काढा, लोट्याला तीन-चार कंपन्यांच्या एचआरला भेटा, कुठल्या पोस्ट सहा महिने रिकाम्या आहेत तेवढंच विचारा आणि त्यातली एखादी भरून दाखवा, फी नंतर बोला. वर्षभराचा घरखर्च बाजूला असेल तरच ऑफिस टाका. शॉप अॅक्ट, बँक खातं, एक फोन, सुरुवातीला एवढं पुरतं, फर्निचरवर पैसे घालवू नका. अंजनवेलचा वीज प्रकल्प आणि एलएनजी टर्मिनल तुमच्या घराजवळ आहे खरं, पण तिथली कामं बहुतेक ठरलेल्या कॉन्ट्रॅक्टरांकडून होतात, त्याच्या भरवशावर गुहागरात बसू नका. आणि रोज अप-डाउनच्या फंदात पण पडू नका, गुहागर-चिपळूणच ४०-४५ किलोमीटर आहे आणि लोटे त्याच्या पुढे. चिपळूणला खोली घ्या, शनिवारी घरी जा.