प्रश्न तुमचे : सामना आहे, पण बघायला कोण आहे?

मागच्या अंकात आम्ही छोट्या फुटबॉल क्लबांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत विषय एकच होता, रिकामं मैदान. त्यातले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

आमचा संघ जिल्हा लीगच्या खालच्या श्रेणीत खेळतो. सामन्याला तीस-चाळीस माणसं असतात. जाहिरातीसाठी ५,००० रुपये बाजूला काढले आहेत. फ्लेक्स लावावेत की इन्स्टाग्रामवर टाकावेत? (क्लबचे सचिव, पुणे)

निदान पहिले चार सामने तरी दोन्ही नको. आधी मोजा. चाळिसाव्या मिनिटाला एका माणसाने वही घेऊन मैदानाला फेरी मारायची आणि पाच रकाने भरायचे: खेळाडूंच्या घरचे, खेळाडूंचे मित्र, क्लबचे जुने खेळाडू, जाता जाता थांबलेले बघे आणि खास सामना बघायला आलेले अनोळखी. मोजणी मध्यंतरात करू नका, तेव्हा माणसं चहाला पांगलेली असतात. सुरुवातीलाही नको, कारण आपल्याकडे निम्मी माणसं विसाव्या मिनिटानंतर उगवतात. अनोळखी माणसाला एवढंच विचारायचं, "सामना आहे हे कुठून कळलं?" चार सामन्यांची पानं शेजारी ठेवलीत की फ्लेक्स बघून किती जण आले हे कळेल. आकडा शून्य निघाला तर नवल नाही. शिवाय फ्लेक्सला महापालिकेची परवानगी लागते. विनापरवाना लावला तर कारवाई क्लबच्या नावावर होते.

चाळीस जणांच्या गर्दीत माणूस माणसाला घेऊन येतो, म्हणून पहिली वाढ घरातूनच काढायची. तुमच्याकडे १३ वर्षांखालच्या मुलांचं प्रशिक्षण चालत असेल आणि वर्गात ३० मुलं असतील, तर त्यातली निम्मी एकेका मोठ्या माणसाला घेऊन आली तरी ३० माणसं वाढली. पण त्यांना नुसतं "या" म्हणून ती येत नाहीत, त्यांना काम द्यावं लागतं. अकरा मुलं संघाचा हात धरून मैदानात येतील, सहा जण सीमारेषेबाहेर गेलेले चेंडू आणून देतील, उरलेली मध्यंतरात खेळतील. मध्यंतर १५ मिनिटांचं असतं. त्यात पाच-पाच मिनिटांचे दोन छोटे सामने बसतात, पण ते मध्यरेषेच्या आसपास आडवे खेळवा. गोलसमोरची जमीन आधीच उखडलेली असते, तिथे मुलं धावली की मैदानाचा माळी पुढच्या वेळी नाही म्हणणार, आणि त्याचं चूक नसेल. मुलांची नावं चार दिवस आधी पालकांना कळवा आणि वेळ सामन्याच्या अर्धा तास आधीची द्या. आई-बाबा मुलाला सोडून परत जात नाहीत, थांबतात.

५,००० रुपये सावली, पाणी आणि चहा यांवर घाला. पाणी आणि चहा किती लागतो ते खाली, संभाजीनगरच्या पत्राच्या उत्तरात आहे.

वेळापत्रक आठवडाभर आधी मिळतं, तेही बदलतं. मैदान आमचं नाही, सगळे सामने संघटनेने घेतलेल्या मैदानावर होतात. अशात प्रेक्षक कसे जमवायचे? (व्यवस्थापक, मुंबई)

घरचं मैदान नसलेल्या क्लबाची खरी अडचण ही की, प्रेक्षकाला सवयच लागत नाही. त्यामुळे सगळ्या सामन्यांच्या मागे लागू नका. महिन्यातला एक, फार तर दोन सामने निवडा. शक्यतो रविवारचे, तुमच्या वस्तीला जवळच्या मैदानावरचे. ताकद तिथेच लावा. चार वाजता मंगळवारी असलेल्या सामन्याला कोणी आलं नाही म्हणून खंत करू नये, तेव्हा लोक कामावर असतात. संघटनेला हंगामाच्या आधीच लेखी पत्र द्या की, अमुक दोन रविवार मिळाले तर आम्ही प्रेक्षक आणतो. सगळ्याच तक्रारी करणाऱ्या क्लबांपेक्षा नेमकं मागणाऱ्याला हो म्हणणं सोपं जातं. आयपीएलच्या दिवसांत मात्र जपा. दोन सामन्यांच्या रविवारी दुपारी साडेतीनलाच टीव्ही लागतो, म्हणून त्या महिन्यांत सकाळची वेळ मागा.

इंग्लंडमध्ये जेम्स डो या फुटबॉलच्या चाहत्याने २०१० साली 'नॉन-लीग डे', म्हणजे खालच्या श्रेणीच्या क्लबांचा दिवस, सुरू केला तो हाच हिशेब करून. देशांच्या सामन्यांमुळे वरच्या लीगना सुट्टी असते त्या शनिवारी मोठ्या क्लबच्या चाहत्यांना हे छोटे क्लब आपल्या गल्लीतल्या मैदानावर बोलावतात. प्रेक्षक मोकळा कधी आहे हे बघून दिवस ठरवला जातो.

निरोपासाठी व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी वापरा, पण तिची एक खोच लक्षात ठेवा. तुमचा नंबर ज्याने आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच निरोप पोचतो आणि एका यादीत २५६ जणच बसतात. बरेच क्लब शेकडो नंबर गोळा करतात आणि "लोक उत्तरच देत नाहीत" म्हणतात. लोकांपर्यंत निरोप गेलेलाच नसतो. म्हणून मैदानावर नंबर घेतानाच समोर उभं राहून क्लबचा नंबर साठवून घ्या. तीन निरोप पुरे: सामना ठरल्यावर, आदल्या संध्याकाळी आणि तीन तास आधी. प्रत्येकात दिवस, वेळ, प्रतिस्पर्धी, मैदानाची नकाशावरची खूण आणि गाडी कुठे लावायची एवढंच. सामना पुढे ढकलला तर त्याच यादीला ताबडतोब कळवा, आणि तरीही एक माणूस मूळ वेळेला फाटकावर उभा करा. बंद फाटक बघून परतलेला माणूस पुन्हा सहसा येत नाही.

कोल्हापुरात शाहू स्टेडियम भरतं आणि पन्नास किलोमीटरच्या आत आमच्याकडे चिटपाखरू नसतं. असं का? (वाचक, सांगली)

कारण कोल्हापुरात प्रेक्षक फुटबॉलसाठी येतो त्याहून अधिक आपल्या पेठेसाठी आणि तालमीसाठी येतो. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमी काय किंवा शिवाजी तरुण मंडळ काय, या संस्था वर्षभर जिवंत असतात. गणपती त्यांचा, कट्टा त्यांचा, भागातल्या लग्नकार्याला धावणारी पोरं त्यांची. संघ हा त्या घराचा एक मुलगा. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात २०१७ साली भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, तोही याच मातीतला.

हे उसनं आणता येत नाही, पण त्यातला धडा घेता येतो. तुमच्या क्लबला पत्ता हवा. 'युनायटेड', 'सिटी', 'एफसी' अशी नावं घेऊन मंडळी संघ काढतात आणि तो कोणत्या वस्तीचा हे त्याच वस्तीला ठाऊक नसतं. शर्टावर भागाचं नाव घाला. सरावाची वेळ आणि निकाल चौकातल्या फळ्यावर खडूने लिहा, रोज. हंगाम नसताना रक्तदान, गणपतीत निर्माल्य गोळा करणं, शाळेच्या मुलांना रविवारी तासभर चेंडू खेळवणं अशी कामं धरा. याला दोन-तीन हंगाम लागतात, आणि पहिल्याच वर्षी निकाल मागणाऱ्या पदाधिकाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा.

कोल्हापूरकडून दुसराही धडा आहे. ईर्षेने भरलेल्या स्टेडियममध्ये हुल्लडबाजीही होते. दोन गटांच्या जागा आणि वाटा वेगळ्या ठेवा. सामना संपल्यावर एका बाजूला दहा मिनिटं थांबवून दुसरीला आधी बाहेर काढा. माइक हाती असलेल्याने पंचाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. गर्दी वाढल्यावर हे ठरवू म्हणाल तर उशीर झालेला असेल.

तिकीट लावावं का? वीस रुपये ठेवले तर आहेत तेही जातील अशी भीती वाटते. (खजिनदार, नाशिक)

आधी बघा, तिकीट लावायचा हक्क तुमचा आहे का. मैदान आणि सामना संघटनेचा असेल तर तिची लेखी संमती घ्या, मैदान शाळेचं किंवा पालिकेचं असेल तर भाडेकरार वाचा. काही करारांत तिकीट लावलं की भाडं बदलतं. जीएसटीची धास्ती नको: क्रीडासामन्याचं प्रवेशशुल्क माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर तो नाही.

आमचं मत विचाराल तर शंभराच्या आत प्रेक्षक असताना तिकीट लावू नये. फाटकावर दोन माणसं बसवून हजारभर रुपये जमवण्यापेक्षा त्या दोघांनी चहा विकावा. फुकट पास हजारांनी वाटण्यातही अर्थ नाही. घरात पडलेला पास म्हणजे येईन असं वचन नव्हे. त्यातून मधला मार्ग म्हणजे हंगामी पास. दहा सामन्यांचा १०० रुपयांना, त्यावर नाव हाताने लिहिलेलं, १२ वर्षांखाली मोफत. पैसे भरलेला माणूस पास वाया जाऊ नये म्हणून येतो. २००५ साली मँचेस्टर युनायटेडच्या नाराज चाहत्यांनी काढलेल्या एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टरने तर हंगामी पासला किमान रक्कम ठरवली आणि वर किती द्यायचे ते प्रेक्षकावर सोडलं. आपल्याकडे पेटी ठेवूनही हे जमतं, फक्त पेटीला कुलूप आणि मोजायला दोन माणसं असू द्या.

तिकीट लावलंच तर २० किंवा ५० ठेवा, ३० नको. सुट्ट्या पैशांपायी रांग लागते आणि पहिला गोल रांगेत चुकतो. क्यूआर कोड लावा, पण मैदानावर नेटवर्क नसतं तेव्हासाठी दहाच्या नोटांचं पुडकं हवंच. क्रमांक छापलेली पावती पुस्तकं घ्या, पहिला आणि शेवटचा क्रमांक वहीत लिहा.

बायका आणि मुली येतच नाहीत. महिलांचा सामनाही ठेवून पाहिला. (मुलींच्या संघाची प्रशिक्षक, छत्रपती संभाजीनगर)

तो सामना किती वाजता ठेवला होता? बहुतेक ठिकाणी 'आधी मुलींचा' म्हणून तो अडीचच्या उन्हात उरकतात आणि मग बघायला कोणी नव्हतं असं म्हणतात. एकदा क्रम उलटा करा.

बाकी कारण फारसं गूढ नाही. स्वच्छतागृह नाही. जिथे दोन-अडीच तास बसायचं आणि जायला जागा नाही, तिथे बाई एकदाच येते. मैदानालगतच्या शाळेशी किंवा कार्यालयाशी किल्लीचं बोलणं करा. ते न जमल्यास फिरतं शौचालय भाड्याने घ्या. पाणी भरलेलं आहे, आतून कडी लागते आणि दिवा लागतो हे सामन्याआधी एका बाईने तपासावं. पुरुषांनी "सगळं ठीक आहे" म्हटलेलं ग्राह्य धरू नका.

बसायची जागा पश्चिमेच्या बाजूला करा. दुपारच्या सामन्यात ऊन पाठीवर येतं, डोळ्यांत नाही, आणि मंडपाची सावली बसणाऱ्यांवर पडते. हौसेने पूर्वेला मंडप घातला तर चारनंतर तो सावली देतच नाही. १५० माणसांना अर्ध्या लिटरप्रमाणे ७५ लिटर पाणी लागतं, म्हणजे २० लिटरचे चार जार. दोन्ही संघांचं पाणी त्याखेरीज वेगळं, नाहीतर मध्यंतराला प्रेक्षकांचा जार खेळाडूंकडे जातो. ८० मिलीच्या कपाने १५० चहा म्हणजे १२ लिटर. पैसे घेऊन चहा देणारा एक माणूस मिनिटाला चार गिऱ्हाइकं उरकतो, पंधरा मिनिटांत साठ. म्हणून टेबलं तीन लावा किंवा तिसाव्या मिनिटापासून कुपनं विका, म्हणजे मध्यंतरात फक्त कप द्यायचे उरतात.

आमच्या गोव्यात गावागावांच्या स्पर्धेला माणूस लोटतो, पण लीगच्या सामन्याला नाही. त्यात यूट्यूबवर थेट दाखवलं तर उरलेलेही घरी बसतील का? (वाचक, बार्देश)

गावच्या स्पर्धेत हरलं की बाहेर, आणि समोर शेजारचं गाव. लीगचा एक सामना हरला तर तक्त्यात एक ओळ हलते. शिवाय लीगसाठी गाव सोडून दूरच्या मैदानावर जावं लागतं. त्यावर सरळ उपाय म्हणजे गाडी. ५० आसनांची बस ठरवा, तिंठ्यावरून सामन्याच्या दीड तास आधी सुटणारी, भाडं आदल्या दिवशी घेतलेलं. बस अर्धीच भरली तर पुढच्या वेळी १७ आसनांची गाडी घ्या. रिकाम्या खुर्च्या घेऊन फिरणाऱ्या बसमुळे उत्साह उलट ओसरतो.

थेट प्रक्षेपणाची भीती मोठ्या लीगना असते. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर थेट फुटबॉल दाखवत नाहीत, ते खालच्या क्लबांची गर्दी राखण्यासाठीच. पण तुमचा सामना मोबाइलवर बघणारा माणूस इंग्लंडमधल्या स्विंडनला किंवा आखातात असतो, तो तसाही मैदानावर येणार नव्हता. उलट तोच पुढे जर्सीचे पैसे देतो. अडचण वेगळी आहे: प्रक्षेपणात तीन माणसं अडकतात. तुमच्याकडे एकूण पाचच कार्यकर्ते असतील तर आधी फाटक आणि चहा सांभाळा आणि रात्री नऊच्या आत दोन मिनिटांची गोलांची चित्रफीत टाका.

एखादा सिनेनट बोलावला तर? किंवा तिकिटावर मोटरसायकलची सोडत? (अनेक पत्रांतून)

नट येतो त्या दिवशी माणसं नटाला बघायला येतात, आणि तो गेला की जातात. बहुधा विसाव्या मिनिटाला. पैसे घेऊन विकलेल्या तिकिटावर सोडत काढली तर ती कायद्याने लॉटरी ठरू शकते. वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

अंतिम सामन्यासाठी बांबूची गॅलरी बांधून मिळते, स्वस्तात. घ्यावी का? (वाचक, रत्नागिरी)

नाही. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात मार्च २०२२ मध्ये सेव्हन्स फुटबॉलच्या (सात-सात खेळाडूंच्या) सामन्यात अशीच तात्पुरती गॅलरी कोसळली आणि अनेक जण जखमी झाले. अशी गॅलरी बसलेल्यांचं वजन एखादे वेळी पेलेल, पण गोल झाल्यावर सगळे एकदम उठून नाचतात तेव्हा गाठी सुटतात. पावसाने ओली झालेली दोरी आणि भुसभुशीत जमीन असेल तर धोका आणखी वाढतो. लोखंडी गॅलरी घेतलीत तरी अभियंत्याचा लेखी दाखला आणि आसनांइतकीच माणसं, ही अट सोडू नका. त्यापेक्षा पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या, त्यामागे उभे अशा तीन रांगा करा. सीमारेषेपासून तीन मीटरवर दोरी बांधून बाहेरून फक्कीची रेघ मारा, म्हणजे पहिल्या रांगेतली पोरं पुढे सरकत नाहीत. एका लांब बाजूला अशी चारशे माणसं सहज मावतात.