युव्हायटिससाठी, म्हणजे डोळ्याच्या आतल्या सुजेसाठी, मेथोट्रेक्सेट दिलंय. ही कॅन्सरची गोळी ना? स्टिरॉइडवरच भागणार नाही का?

घ्या गोळी. नुसत्या थेंबांवर भागणारं असतं तर डॉक्टरांनी ती लिहून दिलीच नसती.

मला व्हीकेएच निघाला होता, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच डोळ्यांवर उलटते तो युव्हायटिसचा एक प्रकार. आधी चार दिवस डोकं ठणकलं, कानात शिट्टी वाजत राहिली. मग एका सकाळी तांदूळ निवडायला बसले तर खडा कुठला नि दाणा कुठला कळेना, ताटाची कडा वाकडी दिसायला लागली. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याखाली पाणी साचलं होतं. तीन दिवस सलाइनमधून स्टिरॉइड, रोज 1 ग्रॅम. नंतर स्टिरॉइडच्या गोळ्या आणि दर रविवारी मेथोट्रेक्सेट. हळूहळू कालनिर्णयवरची तिथी वाचता यायला लागली.

चौथ्या महिन्यात पापणीचे चार-पाच केस पांढरे झाले. ते या आजारातच होतं, पण धाकट्या दिरांनी खापर गोळीवर फोडलं. "वहिनी, ही कॅन्सरवाल्यांची गोळी. दिसतंय ना आता? मग कशाला?" ते औषधाच्या दुकानात काम केलेले, त्यामुळे घरात त्यांचाच शब्द चालला. मी डॉक्टरांना न विचारता गोळी सोडली. दीड महिन्यात डावा डोळा पुन्हा धुरकटला. पुन्हा सलाइन, पुन्हा सुजलेला चेहरा, साखर वाढली ती वेगळीच.

कॅन्सरमध्ये हे औषध कितीतरी मोठ्या प्रमाणात देतात. डोळ्यांसाठी साधारण 15 ते 25 मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदा. असर दिसायला दोन-तीन महिने जातात, तोवर स्टिरॉइड डोळा सांभाळतं आणि मग ते उतरवता येतं. स्टिरॉइड कमी व्हावं म्हणूनच तर ही गोळी! 2019 साली 216 रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले, त्यात भारतातलेही रुग्ण होते. युव्हायटिससाठीच दिलं जाणारं दुसरं औषध, मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेटपेक्षा सरस ठरलं नाही.

हो, एक राहिलं. सुरू करण्याआधी टीबी आणि काविळीच्या तपासण्या झाल्यात ना ते विचारा. गोळी चुकूनही रोज घेऊ नका, जिवावर बेततं. फोलिक ॲसिड, ठरल्या वेळी रक्ततपासणी चुकवायची नाही, दारू बंद. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, गर्भाला हे औषध घातक आहे.

आणि भाऊजी, तुम्ही हे वाचत असाल तर, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला तो सुजेमुळे आणि दुसऱ्यांदा घ्याव्या लागलेल्या स्टिरॉइडमुळे, असं डॉक्टरांनी सांगितलंय. रविवारच्या गोळीमुळे नाही.