सरासरी गुण, चार नकार आणि घरातली शांतता

आपल्या प्रश्नाचा गाभा मी असा समजलो आहे : मुलाने सहा महाविद्यालयांत अर्ज केले, चार ठिकाणांहून नकार आला, एका ठिकाणी तो प्रतीक्षायादीत आहे आणि जिथे प्रवेश मिळाला आहे त्या महाविद्यालयाचे नाव घरात कोणी फारशा उत्साहाने घेत नाही. आठवडाभर तो खोलीतच असतो, ‘माझी लायकीच नाही’ असे म्हणतो, आणि त्यावर काय बोलावे हे आपल्याला सुचत नाही. अर्ज भरणाऱ्या मुलांना मार्गदर्शन करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि माझी मुलगीही याच वाटेने गेली आहे. तिच्या वेळी मी जे चुकलो, तेही या उत्तरात येईल.

सरासरी विद्यार्थ्याच्या दुःखात एक गोष्ट अशी असते, जी हुशार मुलाच्या वाट्याला येत नाही. वर्गातल्या पहिल्या क्रमांकाच्या मुलाला नकार आला की सगळे जण निवडपद्धतीला नावे ठेवतात, हळहळतात, ‘त्यांचेच नुकसान’ असे म्हणतात. सरासरी मुलाला नकार आला की लोक फक्त मान डोलावतात, कारण त्यांच्या मते ते ठरलेलेच होते. म्हणजे त्याला दुःख करण्याचाही अधिकार नाही, असेच सगळ्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेले असते. साठ टक्क्यांवरून अडुसष्टांपर्यंत येण्यासाठी त्याने जी वर्षभर मेहनत केली, ती अडुसष्ट या आकड्यात कोणालाच दिसत नाही. अर्ज तपासणाऱ्याला दिसणे शक्य नव्हते, पण आपल्याला ती ठाऊक आहे. ‘लायकी नाही’ या वाक्यामागे मला बहुतेक वेळा हीच तक्रार ऐकू आली आहे : मी केलेले कोणाच्या खिजगणतीतही नाही. त्यामुळे ‘तू खूप हुशार आहेस’ असे त्याला सांगू नका. त्याला स्वतःचे गुण माहीत आहेत आणि खोटी स्तुती तो लगेच ओळखतो. गणिताचा जो भाग त्याला तीन वेळा अडला आणि चौथ्यांदा सुटला, त्याची आठवण काढा. ती खरी आहे.

माझ्या मुलीने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पाच महाविद्यालयांची नावे लिहिलेला कागद चिकटवला होता. तिसरा नकार आल्यावर तिने तो नखाने खरवडून काढला, पण चिकटपट्टीखालचे कोपरे तसेच राहिले. मी ते पाहिले आणि समजुतीच्या सुरात म्हणालो, ‘निदान पाचवे तरी मिळाले ना!’ तिने काही न बोलता कपाटाचे दार लावून घेतले. त्या ‘निदान’ने मी तिला दोन गोष्टी एकदम सांगून टाकल्या होत्या : एक म्हणजे तिला मिळालेली जागा उरलीसुरली आहे, आणि दुसरी म्हणजे मीही तसेच मानतो. तेव्हापासून ‘निदान’, ‘चालेल’ आणि ‘जे होते ते चांगल्यासाठीच’ हे तीन प्रयोग मी पालकांना पहिल्या पंधरवड्यात वर्ज्य सांगतो. त्याऐवजी ‘वाईट वाटण्यासारखेच आहे’ एवढे म्हणून गप्प बसणे जमले, तर पुष्कळ झाले.

इथे एक अप्रिय गोष्ट लिहितो. बहुतेक घरांत दोन निराशा एकाच वेळी वावरत असतात, मुलाची आणि आई-वडिलांची, आणि मुलाला स्वतःच्या निराशेपेक्षा त्यांचीच अधिक टोचते. आपण त्याच्यासमोर सुस्कारा सोडता, फोनवर आवाज खाली करून बोलता, रात्री बंद दाराआड ‘आधीच शिकवणी लावायला हवी होती’ अशी चर्चा करता. हे सगळे त्याच्यापर्यंत पोहोचते. आपल्याला वाईट वाटणे स्वाभाविक आहे, पण ते मैत्रिणीजवळ, बहिणीजवळ, जोडीदाराजवळ घराबाहेर बोलून मोकळे करा. त्याला मात्र एकदाच, नेमक्या शब्दांत सांगा : ‘मला वाईट वाटले ते तुला हवे होते ते मिळाले नाही म्हणून, तुझ्याबद्दल माझे मत बदललेले नाही.’ हे वाक्य रोज उगाळू नये, नाहीतर त्याचाही उपदेश होतो.

आता ‘यामुळे आयुष्याचे नुकसान होईल का’ या आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. अमेरिकेतील स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की सारख्या कुवतीच्या विद्यार्थ्यांपैकी अधिक नामांकित महाविद्यालयात गेलेल्यांची आणि तुलनेने कमी नामांकित ठिकाणी गेलेल्यांची पुढील कमाई सरासरीने जवळपास सारखीच होती. गरीब कुटुंबांतील मुलांना मात्र नामांकित महाविद्यालयाचा फायदा झालेला दिसला. हा अभ्यास मुळात बऱ्यापैकी गुणवान मुलांचा होता, म्हणून तो सरासरी मुलाला जसाच्या तसा लावण्याचा मोह टाळावा. मला अधिक जवळचा वाटतो तो एलिझाबेथ डन, टिमथी विल्सन आणि डॅनिएल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांचा 2003 मधील अभ्यास. एका विद्यापीठातील विद्यार्थ्यांना सोडतीने वसतिगृहे मिळत असत. नावडते वसतिगृह मिळाले तर आपण फार दुःखी होऊ, असे त्यांचे आधीचे भाकीत होते. प्रत्यक्षात वर्षभराने आवडत्या आणि नावडत्या वसतिगृहांतील मुलांचे समाधान जवळजवळ सारखेच निघाले. आपण किती दिवस दुःखी राहू याचा माणसाचा अंदाज बरेचदा फुगलेला असतो. तरीही हे दाखले या आठवड्यात मुलासमोर मांडू नका. ते सध्या आपल्या धीरासाठी आहेत.

व्यवहाराचा भाग थोडक्यात सांगतो. मिळालेली जागा मुदतीच्या आत शुल्क भरून निश्चित करा आणि शुल्क परत मिळण्याचे नियम लेखी पाहून ठेवा. प्रतीक्षायादीत राहण्याची इच्छा कळवायची असेल तर ती मुलाने स्वतः कळवावी आणि त्यानंतर तो विषय रोज काढू नये. एक वर्ष थांबून पुन्हा अर्ज करण्याच्या मी विरोधात नाही. परंतु त्या वर्षात नेमके काय बदलणार, हे कागदावर लिहिता येत नसेल तर ते वर्ष केवळ नकार लांबवण्यात जाते. पहिल्या वर्षानंतर बदली घेण्याची सोय अनेक ठिकाणी असते, आणि तिची चौकशी आधीच केलेली बरी.

दोन-तीन आठवड्यांनी त्याला घेऊन त्या महाविद्यालयात जा, पण मुख्य इमारत पाहून परत येऊ नका. दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम मागून घ्या, एखाद्या तासाला बसू देतात का ते विचारा, आणि ज्या शिक्षकांशी विद्यार्थी वर्गाबाहेरही बोलत थांबतात त्यांची नावे टिपून घ्या. 2014 साली अमेरिकेत गॅलप ही सर्वेक्षण संस्था आणि पर्ड्यू विद्यापीठ यांनी तीस हजारांहून अधिक पदवीधरांची पाहणी केली. पुढे कामात मन रमण्याशी महाविद्यालयाच्या प्रकाराचा संबंध नगण्य दिसला. आस्था असलेला, शिकण्याची गोडी लावणारा आणि प्रोत्साहन देणारा शिक्षक लाभल्याचा संबंध कितीतरी अधिक होता. या तिन्ही गोष्टी मिळाल्या असे ठामपणे म्हणणारे मात्र केवळ 14 टक्के होते. म्हणजे असा शिक्षक आपोआप भेटत नाही, त्याला शोधावे लागते. आणि गर्दीत मागच्या बाकावर बसण्याची सवय झालेल्या मुलाला हे शोधणे आधी शिकवावे लागते.

खोलीत बसून राहणे दोन आठवड्यांपलीकडे गेले, झोप आणि जेवण बिघडले, मित्रांचे फोन घेणे त्याने बंद केले, किंवा ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे काही तो बोलला, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. शेवटच्या बाबतीत तर त्याच दिवशी. जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे त्याला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

नातेवाइकांच्या चौकशीबद्दल आपण शेवटी विचारले आहे. उत्तर काय द्यायचे ते मुलाला ठरवू द्या आणि घरातल्या सर्वांनी तेच द्या. माझ्या मुलीने ‘जूनमध्ये सांगते’ असे ठरवले होते; तोपर्यंत आम्ही सगळ्यांना तेच सांगत राहिलो, अगदी तिच्या आजीलाही.