सरांना वर्गात बोलवा

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवते. शाळेचा पट १६८. जूनमध्ये नवे मुख्याध्यापक आले. परिपाठ, हात धुणं, खिचडी, सगळ्याचे फोटो त्यांना लगेच ग्रुपवर हवेत. टाचण, म्हणजे पाठाची लेखी तयारी, रोज लाल शाईने तपासतात, वर्गात मात्र पाऊल टाकत नाहीत. आधीच्या बाईंच्या वेळी मी शाळा सुटल्यावर थांबून मागे पडलेल्या मुलांचं वाचन घ्यायचे. आता घंटा झाली की पर्स उचलते. मीच कामचुकार झाले का?
– उपशिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : नाही. तुमचं ते थांबणं आधीच्या बाईंना दिसत होतं. सरांना फोटोत येईल तेवढंच दिसतं, आणि जोडाक्षरापाशी अडखळणारं पोर फोटोत येत नाही.

मी मुख्याध्यापिका असताना टाचणावर सही करायचे, पण खरं कळायचं ते मागच्या रांगेत बसून मुलांच्या वह्या चाळताना. वर्गात अवाक्षर काढायचे नाही. नंतर व्हरांड्यात एकट्या बाईंना गाठून एकच गोष्ट सांगायचे : हातच्याची वजाबाकी फळ्यावर पुरे, आता काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवा. मुलांदेखत बोलणी खाल्लेले शिक्षक पुढे वर्षभर फक्त पाठ उरकतात, हेही पाहिलंय.

सरांवरही वरून दट्ट्या असतो. यू-डायस (शाळेची माहिती भरायची सरकारी ऑनलाइन नोंद), पोषण आहार, ‘माहिती तासाभरात पाठवा’. धास्तावलेला माणूस ती धास्ती खाली ढकलतो. तरी शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टाप्रमाणे प्राथमिकचा पट १५० च्या वर असला की शिक्षकांखेरीज वेगळा मुख्याध्यापक धरलेला आहे. म्हणजे सरांकडे स्वतःचा वर्ग नसावा. तुमच्या वर्गात बसायला त्यांना तास काढता येईल. त्याच परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास दिलेत, तेही तयारी धरून. टाचण त्या तयारीसाठी असतं, लाल शाईसाठी नव्हे!

तक्रार घेऊन जाऊ नका. म्हणा, ‘सर, माझी काही मुलं जोडाक्षरांत अडकतात, उद्या दुसऱ्या तासाला येऊन ऐकाल का?’ आले की एक मूल पुस्तकासकट त्यांच्याजवळ बसवा. फोटोंचा विषय त्यानंतर, आणि तोही एकटीने नको. शिक्षक सभेत मांडा : दिवसाचे फोटो एकदाच, मधल्या सुट्टीत, आळीपाळीने एकाने टाकायचे. इतिवृत्तात नोंद होऊ द्या.

नाही आले तर पुन्हा बोलवा. वाचन मात्र उद्यापासून घ्या. सरांची बदली होईपर्यंत ती मुलं तिसरीत थांबणार नाहीत.