टँकमधल्या अपिस्टो माशाची एक मादी पिवळीधमक झाली, दुसरी करडी पडून दडून बसते. आजार असेल का?

कॅकॅटू अपिस्टोचा एक नर आणि दोन माद्या तुम्ही कुर्ल्याहून आणल्यात. एक मादी हळदीसारखी पिवळी होऊन नरालाच हुसकावते, दुसरी करडी पडून फिल्टरमागे दडते, आणि तुम्ही औषध घालायच्या बेतात आहात. कृपा करून थांबा.

पिवळीने बहुतेक अंडी घातली आहेत. लपायला ठेवलेल्या नारळाच्या करवंटीत टॉर्च मारून आतल्या वरच्या बाजूला बघा, तिथेच ती चिकटवते. पोटाखालच्या परांची पुढची कड काळीभोर दिसत असेल तर शंकाच नको. एरवी सगळ्या टँकवर राज्य करणारा ८ सेंटिमीटरचा नर तेव्हा ५ सेंटिमीटरच्या मादीपुढून पळ काढतो, फार बघण्यासारखं असतं ते!

करडीचं मात्र नीट बघा. या माशांच्या कातडीतल्या काळ्या रंगपेशींचा ताबा नसांकडे असतो. रंगाचे कण पेशीभर पसरले की पट्टे गडद, मध्याशी गोळा झाले की फिके. म्हणून मार खाल्लेल्या माशाचा रंग बघता बघता उतरतो. दबलेला नर तर कित्येक आठवडे मादीसारखाच दिसतो. मोठ्या नराच्या डोळ्यांत न खुपण्याचा तो मार्ग.

माझ्याकडे परळला हेच झालं. मादी म्हणून घेतलेला मासा कोपऱ्यात बसायचा, मी ३ दिवस फंगसचं औषध घातलं. शेवटी त्याला वेगळ्या टँकमध्ये काढलं. चौथ्या सकाळी दिवा लावला तर शेपटीवर मसुराएवढा केशरी ठिपका, भोवती काळी कड. पंधरवड्यात पाठीवरचा तुराही उभा राहिला. उगाच औषधात बुडवला त्याला, याचं अजून वाईट वाटतं.

तुमची करडी खात असेल, श्वास जोरात चालत नसेल, तर ती फक्त घाबरलेली आहे. आपल्या मुंबईला येणारं तलावांचं पाणी मऊ (कमी क्षारांचं), अपिस्टोला मानवतं. क्लोरीन तेवढं काढा. रस्त्यावरच्या देशी बदामाची वाळून गळलेली पानं धुऊन तळाशी पसरा. दोन फुटी टँकमध्ये प्रत्येक मादीला स्वतःची करवंटी हवी, तीही एकीला दुसरी दिसणार नाही अशी.

अंडी साधारण ३ दिवसांत फुटतात, पुढच्या आठवड्याभरात पिल्लं पोहू लागतात आणि पिवळी आणखी चवताळते. करडीला आजच वेगळं काढा.