जुन्या हायब्रिडचे ॲव्हरेज आणि मुंबईचा रस्ता

प्रश्न : माझ्याकडे २००८ सालची होंडा सिव्हिक हायब्रिड (पेट्रोल इंजिनाला बॅटरीवरच्या विजेच्या मोटरची जोड असलेली गाडी) आहे आणि गोरेगाव ते फोर्ट असा माझा रोजचा प्रवास असतो. ही गाडी लिटरला वीसच्या पुढे जाते, असे घेताना ऐकले होते. प्रत्यक्षात एसी लावून तेरा-चौदाच्या वर ॲव्हरेज मिळत नाही. बॅटरी संपत आली आहे, की मूळ आकडाच फुगवलेला होता?
— एक वाचक, गोरेगाव (पूर्व)

उत्तर : आकडा फुगवलेला नव्हता, पण तो ज्या चाचणीतून आला ती फार सौम्य होती. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या जुन्या पद्धतीने या पिढीच्या सिव्हिक हायब्रिडला शहरात गॅलनला ४९ आणि महामार्गावर ५१ मैल, म्हणजे लिटरला २१ ते २२ किलोमीटर, असे आकडे मिळाले होते. २००८च्या मॉडेलपासून त्या संस्थेने जास्त वेग, जोरात पिकअप घेणे, एसीचा वापर आणि थंड हवामान यांचाही हिशेब धरायला सुरुवात केली, तेव्हा हीच गाडी ४० आणि ४५ मैलांवर, म्हणजे १७ ते १९ किलोमीटरवर उतरली. आकडे साध्या पेट्रोल गाड्यांचेही घसरले. हायब्रिडचे अधिक घसरले, कारण हळुवार चालवण्यातून होणारी बचत हाच तिचा मुख्य आधार.

आता पश्चिम द्रुतगती महामार्गावरची संध्याकाळ घ्या. एसीला इंधन तासाच्या हिशेबाने लागते आणि आपण ॲव्हरेज मोजतो किलोमीटरच्या हिशेबाने. ताशी ४० किलोमीटरने गेलात तर एक तासाचा एसी ४० किलोमीटरांवर वाटला जातो, १० किलोमीटरने रेंगाळलात तर तोच भार १० किलोमीटरांच्या बोकांडी बसतो. आपल्या गाडीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावरही चालतो आणि छोट्या विजेच्या मोटरवरही, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद पडूनही गारवा थोडा टिकतो. मात्र मे महिन्याच्या दुपारी ती मोटर एकटी पुरी पडत नाही आणि इंजिन पुन्हा सुरू होते. मग हायब्रिडपणाचा निम्मा फायदा तिथेच विरतो.

इंधनाचाही वाटा आहे. इथेनॉलमध्ये दर लिटरला पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत साधारण सात टक्के ऊर्जा कमी भरते. हे सगळे एकत्र धरले, तर तेरा-चौदा हा आकडा मला अनपेक्षित वाटत नाही.

तरीही बॅटरीचा संशय दूर करून घ्यावा. मीटरमधला चार्जचा काटा भरलेला दिसत असताना एकाएकी तळाला येत असेल आणि इंजिन मग उभ्या गाडीतही बॅटरी भरत बसत असेल, तर पेट्रोल तिथे जाते आहे. तसेच एसी बंद असताना आणि इंजिन पुरते तापलेले असतानाही सिग्नलला ‘ऑटो स्टॉप’चा, म्हणजे इंजिन आपोआप बंद झाल्याचा, दिवा क्वचितच लुकलुकत असेल, तर गाडी दाखवून घ्या. या गाडीतल्या निकेल मेटल हायड्राइड प्रकारच्या बॅटरीला उष्णता मानवत नाही, म्हणून गाडी दिवसभर उन्हात उभी करणे टाळलेले बरे.

प्रश्न : टोयोटा प्रियस शहरात जास्त आणि महामार्गावर कमी ॲव्हरेज देते म्हणतात. हे उलटे कसे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : २००४च्या प्रियसचे जुने अमेरिकी आकडे शहरात ६० आणि महामार्गावर ५१ मैल असे होते. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती ती बॅटरीत साठवते आणि हळू जाताना इंजिन बंद ठेवून मोटरवर चालते. महामार्गावर ब्रेकला पाय क्वचितच लागतो, त्यामुळे साठवायला काही उरत नाही, आणि हवेचा विरोध मात्र वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. याउलट होंडाची पहिली इनसाइट शहरात ६१ तर महामार्गावर ७० मैल देत असे. माझ्या मते त्याचे बरेचसे श्रेय हायब्रिड यंत्रणेपेक्षा तिच्या ॲल्युमिनियमच्या, ९०० किलोंहून हलक्या आणि हवा कापणाऱ्या दोन आसनी देहाला जाते. घरच्या चौघांना घेऊन लोणावळ्याला जाणाऱ्याला तिचा उपयोग नव्हता. प्रियस घेऊन खंडाळ्याचा घाट उतरताना मात्र ब्रेक लवकर आणि हलकेच दाबत राहा, कारण जोरात दाबल्यास ती लहान बॅटरी तेवढी वीज एकदम घेऊ शकत नाही आणि उरलेली शक्ती ब्रेक पॅडच्या उष्णतेत जाते.